अंगणातला भेक ओळखायचा तर डोकं पाहा

पावसाळ्यात गावाकडच्या घरी दिव्याखाली किडे पडू लागले की ते टिपायला भिंतीच्या कडेला जाडजूड, खडबडीत पाठीचे बेडूक येऊन बसतात. त्यांतले बरेचसे भेक (इंग्रजीत ‘टोड’) असतात. ओळखताना आपली नजर आधी रंगावर आणि अंगावरच्या फोडांवर जाते. पण रंगाचा भरवसा धरता येत नाही. एकाच जातीचा भेक कधी मातकट, कधी तांबूस, तर विणीच्या दिवसांत नर पिवळसरही दिसतो. फोड इतर बेडकांच्या अंगावरही असतात.

म्हणून डोकं पाहावं. डोळ्याच्या मागे राजम्याच्या दाण्यासारखी फुगीर गाठ दिसली, तर तो भेक. ही विषग्रंथी असते. नाकपुडीपासून डोळ्याकडे आणि डोळ्याच्या वरून मागे जाणारे हाडाचे उंच, काळ्या कडांचे कंगोरे असतील, तर तो बहुधा आपला नेहमीचा भेक, शास्त्रीय नाव ‘डटाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस’. यातलं ‘डटा’ हे भारतीय उभयचरतज्ज्ञ सुशील कुमार दत्ता यांच्यावरून आलं आहे. त्याच्या फोडांची टोकंही बहुतेक वेळा काळी असतात. ग्रंथी आहे पण डोकं सपाट, कंगोरे नाहीत, असा भेक कोरड्या, सपाट मुलखात दिसतो, ती ‘स्टोमॅटिकस’ नावाची दुसरी जात. अगदी लहान पिल्लांचे कंगोरे नीट उमटलेले नसतात, तेव्हा त्यांच्यावरून निष्कर्ष काढू नये.

गोंधळ होतो तो मातीत शिरून बसणाऱ्या गुबगुबीत बेडकामुळे. तो भेकासारखाच दिसतो, पण त्याच्या डोळ्यामागे ती गाठ नसते आणि मागच्या पायाच्या तळव्याला माती उकरण्यासाठी कडक, फावड्याच्या आकाराचा उंचवटा असतो.

अंड्यांवरूनही पत्ता लागतो. नेहमीचा भेक साचलेल्या पाण्यात चिकट, लांबलचक दोरीत काळ्या अंड्यांच्या माळा घालतो. सह्याद्रीतले दोन भेक मात्र वेगळे. १९६३ मध्ये संशोधक सोमण यांनी वर्णन केलेला कोयना भेक आणि २००९ मध्ये उभयचरतज्ज्ञ बिजू व सहकाऱ्यांनी नोंदवलेला आंबोली भेक. हे सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, उथळ पाण्यात अंडी घालतात, पण माळेत नव्हे, पुंजक्यात. जगात ते सह्याद्रीखेरीज कुठेच नाहीत, आणि आंबोली भेकाची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत होते.

भेकाला हात लावला तर चामखीळ येते, हे खोटं आहे; चामखीळ विषाणूमुळे होते. ग्रंथीतला पांढरा स्राव मात्र डोळ्यात किंवा तोंडात जाऊ देऊ नये. हात लागलाच तर साबणाने धुवावेत. कुत्र्याने भेक तोंडात धरला आणि त्याची लाळ गळू लागली, तर ओल्या कापडाने हिरड्या पुसाव्यात आणि लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावं. भेकावर मीठ टाकणं तर निव्वळ क्रूरपणा आहे. भेक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो, आणि मीठ तीच कातडी होरपळवतं. घरातून बाहेर काढायचा असेल तर सुपलीत घेऊन कुंपणाच्या ओलाव्यात सोडावा.