पक्षाघातोत्तर नैराश्य व थकवा

मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाल्याने किंवा तेथील रक्तवाहिनी फुटल्याने होणाऱ्या आघातानंतर (पक्षाघात, अर्धांगवायू, लकवा) सुधारत असलेल्या रुग्णांत उद्भवणारी व दीर्घकाळ टिकणारी खिन्नता, तसेच विश्रांतीने न जाणारा शीण. दोन्ही अवस्था एकाच रुग्णात असू शकतात, पण त्या एक नव्हेत. नैराश्य नसलेला रुग्णही थकलेला असतो आणि नैराश्याच्या औषधाने त्याचा थकवा सहसा हटत नाही. हा भेद न केल्याने व्यायाम टाळणाऱ्या रुग्णाला घरचे आळशी ठरवतात, तर दवाखान्यात सरसकट ‘टॉनिक’ दिले जाते.

कोणत्याही एका वेळी पाहिल्यास पक्षाघातातून वाचलेल्या सुमारे एक तृतीयांश व्यक्तींत नैराश्याची लक्षणे सापडतात. पहिल्या वर्षात धोका अधिक असतो. थकव्याचे प्रमाण २५ ते ८५ टक्के असे फारच पसरट दिले जाते. मोजपट्टी कोणती आणि आघाताला किती महिने झाले, यांवर ते अवलंबून असल्याने निम्म्याच्या आसपासचा संकलित अंदाज सोयीचा पडतो.

पूर्वेतिहास व इजेच्या जागेचा वाद : मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार आणि खिन्नता यांचा संबंध मानसोपचारतज्ज्ञ क्रेपेलिन व ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आपल्या ग्रंथांत नोंदवला होता. तरीही ही खिन्नता म्हणजे हातपाय गेल्याचे दुःख, एवढाच अर्थ बराच काळ लावला जाई. फोलस्टीन, मायबर्गर व मॅकह्यू यांनी १९७७ मध्ये पक्षाघाताच्या २० रुग्णांची तुलना साधारण तितकेच परावलंबित्व असलेल्या १० अस्थिरुग्णांशी केली. पहिल्या गटात ४५ टक्के, तर दुसऱ्या गटात १० टक्के रुग्ण खिन्न आढळले. पाहणी फारच लहान असली, तरी परावलंबित्व सारखे असूनही फरक राहतो, म्हणजे मेंदूच्या इजेचा त्यात वेगळा वाटा असावा, हा विचार तेथून रुजला.

रॉबर्ट रॉबिन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात याला नेमकी जागा दिली. इजा डाव्या गोलार्धाच्या पुढील भागात असेल आणि ललाटखंडाच्या (कपाळामागील भागाच्या) टोकाच्या जितकी जवळ असेल, तितके नैराश्य तीव्र, असे त्यांचे प्रतिपादन होते. मेंदूच्या तळाकडून पुढच्या भागात जाणारे नॉरएड्रिनॅलिन व सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनांचे तंतू तुटतात, हे त्यामागचे कारण सांगितले गेले. गंमत अशी की, त्याच संशोधकाच्या आधीच्या, १९७९ मधील उंदरांवरील प्रयोगांत नॉरएड्रिनॅलिन घटले होते ते उजव्या बाजूच्या इजेने. तरीही डाव्या बाजूचा हा सिद्धांत पाठ्यपुस्तकांत पटकन गेला आणि अजूनही तोंडी परीक्षेत विचारला जातो.

इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमधील वस्तीपातळीवरील पाहणीत (१९९०) हाऊस व सहकाऱ्यांना असा संबंध आढळला नाही. कार्सन व सहकाऱ्यांनी २००० मध्ये तोवरचे सर्व निबंध एकत्र तपासले. इजेच्या जागेवरून नैराश्याचा धोका ठरतो या मताला त्यांना आधार मिळाला नाही. भोगल व सहकाऱ्यांच्या २००४ मधील परीक्षणाने मतभेदाचे कारण बरेचसे उलगडले : रुग्णालयात दाखल असलेल्यांच्या पाहण्यांत डाव्या बाजूचे पारडे जड, तर घरी परतलेल्यांच्या पाहण्यांत उजव्या बाजूचे. रुग्ण कोठून व केव्हा निवडले, यावर उत्तर बदलत होते. आणखी एक दोष असा की, वाचाघात (बोलण्याची वा समजण्याची शक्ती जाणे) झालेल्यांना प्रश्न विचारता येत नाहीत म्हणून अनेक पाहण्यांनी त्यांना वगळले. डाव्या गोलार्धाच्या मोठ्या इजा त्यामुळे मोजणीतूनच बाहेर राहिल्या. सध्या पुरावा जागेच्या सिद्धांताकडे झुकत नाही. पूर्वी नैराश्य येऊन गेलेले असणे, परावलंबित्वाची तीव्रता, बौद्धिक ऱ्हास आणि घरचा आधार नसणे हे घटक अधिक भरवशाचे मानले जातात. व्यवहारात, स्कॅनमध्ये इजा उजवीकडे दिसली म्हणून मनाची विचारपूस टाळण्याला आधार नाही.

याच वादाशी निगडित दोन निरीक्षणे मात्र टिकून आहेत. डाव्या इजेत काम जमेना की एकाएकी रडणे, चिडणे, काम उधळून देणे (गोल्डस्टाइन यांनी वर्णिलेली आपत्ती-प्रतिक्रिया) आणि उजव्या इजेत आपल्या आजाराविषयी बेपर्वाई, असा कल गाइनोटी यांनी १९७२ मध्ये दाखवला. दोन्ही नैराश्य नव्हेत.

ओळख : निदान दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ, मन उदास असणे किंवा कशातच गोडी न वाटणे हा नैराश्याचा गाभा होय. नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली सोपी असून १० किंवा अधिक गुण आल्यास सविस्तर तपासणी करतात. तिच्यातील झोप, भूक, थकवा व मंदपणा हे चार प्रश्न नैराश्य नसतानाही पक्षाघाताच्या रुग्णात ‘होय’ येतात. म्हणून उदासी, अपराधीपणा व मरणाचे विचार यांच्या उत्तरांना अधिक वजन द्यावे. मरणाच्या विचारांचा प्रश्न आडून न विचारता सरळ विचारावा. पक्षाघातानंतर आत्महत्येचा धोका सर्वसामान्यांपेक्षा जास्त असतो.

नैराश्याशी गल्लत होणाऱ्या अवस्था तीन. पहिली भावनांचा ताबा सुटणे : किरकोळ निमित्ताने रडू किंवा हसू फुटते, क्षणात थांबते आणि मधल्या काळात मन ठीक असते. दुसरी उदासीनता : रुग्ण दुःखी नसतो, पण आपणहून काही सुरू करत नाही, त्रास घरच्यांना जाणवतो, त्याला नाही. तिसरी थकवा : ‘करायची इच्छा आहे, पण अंगात जोरच नाही’ असे रुग्ण सांगतो. नैराश्यात त्याची इच्छाच गेलेली असते.

वाचाघात असल्यास जवळच्या माणसाने भरायची एसएडीक्यू-१० ही निरीक्षणसूची वापरतात. सोलापुरात अशा वेळी भाषेचा प्रश्न आडवा येतो. शहराच्या पूर्व भागातील पद्मशाली विणकर कुटुंबांत घरची भाषा तेलुगू, अक्कलकोट व दक्षिण सोलापूर भागात कन्नड, अनेक मोहल्ल्यांत दखनी. बहुभाषिक माणसाच्या सर्व भाषा पक्षाघातानंतर सारख्या सुधारतीलच असे नाही. मराठीत ‘बरं आहे’ एवढेच म्हणणारी वृद्धा तेलुगूत विचारल्यावर निराळे उत्तर देऊ शकते. पीएचक्यू-९ मराठी, तेलुगू व कन्नड तिन्ही भाषांत उपलब्ध आहे. सुनेला दुभाषी करून सासूला मरणाचे विचार विचारणे हा मार्ग मात्र शक्यतो टाळावा.

थकव्याची कारणे व नियोजन : इंगल्स व सहकाऱ्यांच्या १९९९ मधील पाहणीत पक्षाघातानंतर ६८ टक्के, तर तुलनेच्या वृद्धांत ३६ टक्के व्यक्तींनी थकव्याची तक्रार केली. अर्धांग लुळे असताना चालण्यास लागणारी ऊर्जा निरोगी माणसाच्या सुमारे दीड ते दोन पट असते. मात्र हातपाय पूर्ण सुधारलेल्यांतही थकवा राहतो, तेव्हा केवळ स्नायूंवर बोट ठेवता येत नाही.

प्रथम दुरुस्त होण्याजोगी कारणे शोधावीत : पंडुरोग, थायरॉइडची कमतरता, बी-१२ची कमतरता, अनियंत्रित मधुमेह, घोरण्यासह झोपेत श्वास अडकणे, बीटा-रोधके (रक्तदाब व हृदयविकारावरील औषधे) व फिटच्या झटक्यांवरील औषधे. सोडियमची घट यांत वेगळी सांगायला हवी, कारण सोलापूरच्या उन्हाळ्यात तिला पोषक परिस्थिती आयतीच मिळते. पारा ४० अंशांच्या वर गेलेला, रक्तदाबासाठी थायझाइड गटातील (लघवी वाढवणारी) गोळी चालू, त्यात नैराश्यासाठी सर्ट्रालीन किंवा एस्सिटालोप्रॅम नव्याने सुरू, आणि ‘रक्तदाब आहे’ म्हणून मीठ जवळजवळ बंद करून नुसते पाणी भरपूर, अशा वृद्धाचे सोडियम एक-दोन आठवड्यांत उतरू शकते. तो सुस्त होतो, जेवत नाही, असंबद्ध बोलतो. घरच्यांना वाटते नैराश्य वाढले आणि गोळीचा डोस वाढवून मागितला जातो. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी व नंतर साधारण दोन आठवड्यांनी सोडियम तपासावे.

कारण न सापडल्यास शक्तीचे वाटप शिकवतात. एक आठवडा दर दोन तासांनी काम व थकवा (० ते १०) लिहून काढावा. त्यावरून दिवसातील चांगली वेळ कळते. तासभराचा सलग व्यायाम मोडून १५ ते २० मिनिटांचे तीन भाग करावेत आणि अवघड भाग चांगल्या वेळेत ठेवावा. विश्रांती दमल्यावर नव्हे, दमण्यापूर्वी घ्यावी : २० ते ३० मिनिटे, शक्यतो दुपारी तीनच्या आत, नाहीतर रात्रीची झोप बिघडते. एप्रिल-मेमध्ये चालणे सकाळी आठपूर्वी उरकावे. नेहमीची चूक अशी की, बरे वाटलेल्या दिवशी रुग्ण सारी कामे उरकतो व पुढचे दोन दिवस अंथरुणाला खिळतो. दोन दिवस तेवढेच काम निभले, तरच पुढच्या आठवड्यात सुमारे दहा टक्के वाढवावे. नेदरलँड्समधील एका चाचणीत (२०१२) विचारपद्धतीवरील उपचाराला अशा क्रमवार व्यायामाची जोड दिल्यावर नुसत्या उपचारापेक्षा थकव्यात अधिक सुधारणा दिसली. मोडाफिनिल या जागेपणा वाढवणाऱ्या औषधाच्या चाचण्या लहान आहेत. ते नित्याचे औषध म्हणता येत नाही.

औषधोपचार : सेरोटोनिनचे पुनर्ग्रहण रोखणाऱ्या (एसएसआरआय) गटातील सर्ट्रालीन (२५ मिग्रॅ. पासून ५० कडे) किंवा एस्सिटालोप्रॅम (५ पासून १० मिग्रॅ. कडे) सामान्यतः वापरतात. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. आठवड्यात गुण नाही म्हणून औषध सोडणे हे अपयशाचे नेहमीचे कारण. बरे वाटल्यावरही निदान सहा महिने औषध चालू ठेवून हळूहळू कमी करतात. अ‍ॅस्पिरीन किंवा क्लोपिडोग्रेल या गुठळी रोखणाऱ्या औषधांसोबत रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो. अमिट्रिप्टिलीन या जुन्या नैराश्यरोधकाने वृद्धांत लघवी तुंबणे व भ्रम संभवतो.

याच गटातील फ्लुऑक्सेटीनने हातपाय लवकर सुधारतात, अशी आशा ११८ रुग्णांच्या फ्रान्समधील फ्लेम चाचणीने (२०११) निर्माण केली होती. ब्रिटनमधील ३,१२७ रुग्णांच्या फोकस चाचणीत ती टिकली नाही : नवे नैराश्य १७.२ टक्क्यांवरून १३.४ टक्क्यांवर आले, पण कार्यक्षमतेत फरक पडला नाही आणि हाडे मोडण्याचे प्रमाण १.५ वरून २.९ टक्के झाले. २०२० मधील अ‍ॅफिनिटी व इफेक्ट्स या चाचण्यांचा निष्कर्षही तोच. सबब नैराश्य नसलेल्यास ‘हात सुधारावा’ म्हणून हे औषध देण्याचे कारण उरलेले नाही.

पुनर्वसन : पहिल्या २४ तासांत जोरात उठवणे-चालवणे हिताचे नाही, हे २,१०४ रुग्णांच्या अ‍ॅव्हर्ट चाचणीने (२०१५) दाखवले. थोड्या वेळाचे, पण वारंवार उठवणे बरे. अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदलावी. लुळ्या खांद्याखाली चादरीची घडी देऊन तो पुढे आणावा व तळहात उघडा ठेवावा. रुग्णाला उठवताना लुळा हात ओढणे किंवा काखेत हात घालून उचलणे यांनी खांदा निखळतो. जोरकस तेलमालिशही तेच करते. दुखरा खांदा झोप मोडतो, झोप मोडली की थकवा व खिन्नता दोन्ही वाढतात, आणि महिन्याभराची प्रगती अशी एका चुकीच्या ओढीने अडते.

हातासाठी टेबलावर टॉवेल पसरून दोन्ही हातांनी तो पुढे-मागे सरकवणे, पायासाठी खुर्चीतून दहा-दहा वेळा उठणे-बसणे हे घरचे व्यायाम होत. मनगट व बोटे थोडी तरी उघडत असतील, तर चांगला हात बांधून लुळ्या हाताला कामाला लावण्याची पद्धत उपयोगी पडते. काम ओळखीचे असावे. विडी कामगार स्त्रीला मांडीवर सूप घेऊन पान कातरणे, तंबाखू न घालता सुरळी वळणे व दोरा बांधणे यांत चिमटीचा जो सराव मिळतो, तो रबरी चेंडू दाबण्यात नाही. मात्र मजुरी हजार विड्यांमागे मिळत असल्याने किती विड्या झाल्या हे मोजण्याचा मोह आवरावा. मोजणी पहिल्या महिन्यात खच्ची करते.

जेवणाकडे लक्ष हवे. गिळण्याचा दोष असताना कडक भाकरी व शेंगा चटणी हे सर्वांत धोक्याचे पदार्थ : कोरडे, भुसभुशीत, घशात विखुरणारे. भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून एकजीव मऊ करावी, ताठ बसवून भरवावे आणि नंतर अर्धा तास आडवे करू नये. घोट घेतल्यावर आवाज ओलसर झाला, तर थांबावे. ठसक्याच्या भीतीने ताट सरकवणाऱ्याला ‘भूक गेली, नैराश्य आहे’ असे पुष्कळदा म्हटले जाते.

भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या अटेंड चाचणीत (२०१७) कुटुंबीयांना शिकवून घरी पुनर्वसन केल्याने मृत्यू वा परावलंबित्व कमी झाले नाही. दोन्ही गटांत ते ४७ टक्के राहिले. कुटुंबाचे शिक्षण निरुपयोगी, असा त्याचा अर्थ नव्हे. भौतिकोपचारतज्ज्ञाची जागा ते घेत नाही, एवढेच.

यंत्रमागावर परतताना अर्धे दृष्टिक्षेत्र गेलेल्यास, एका बाजूचे भान नसलेल्यास किंवा झटके येणाऱ्यास चालत्या मागाजवळ उभे करू नये. कांडी भरण्यासारखे बैठे काम, अर्धी पाळी आणि रात्रपाळी नाही, अशी सुरुवात करतात.

सोयी : सोलापूर जिल्ह्यातील प्रमुख शासकीय केंद्र म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी (स्थापना १९६३) संलग्न श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, बोलीत ‘सिव्हिल’. ‘टेलिमानस’ ही शासकीय मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालते. कायमचे अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरल्यास २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सवलतींसाठी प्रमाणपत्र मिळते.