अमेरिकेत बिझनेसची पदवी: गणिताची अट, क्रेडिट आणि लागणारी कागदपत्रं

“बारावी कॉमर्सला गणितात नव्वदच्या वर आहेत, मग तिकडे पुन्हा कॅल्क्युलस कशाला?” अमेरिकेत बिझनेस शिकायला निघालेल्या मुलांच्या घरी हा प्रश्न निघतोच, आणि तो रास्त आहे. आपल्या राज्य मंडळाच्या कॉमर्सच्या गणितात डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, लिनिअर प्रोग्रॅमिंग, रिग्रेशन सगळं येतं. पण तिथली बहुतेक विद्यापीठं आपली बारावी त्यांच्या हायस्कूलच्या बरोबरीची धरतात. ती प्रवेशाला चालते; तिच्यावर कॉलेजचं क्रेडिट (पदवीसाठी मोजलं जाणारं कोर्सचं एकक) सहसा मिळत नाही.

पैसे आणि सेमिस्टर वाया जातात ते एका गैरसमजामुळे. क्रेडिट जमा होणं वेगळं आणि बिझनेसची गणिताची अट (बहुधा कॅल्क्युलस) पूर्ण होणं वेगळं. तुमचा विषय ‘इलेक्टिव्ह’ (ऐच्छिक) म्हणून जमा झाला, तर तो एकूण क्रेडिटमध्ये दिसेल, पण कॅल्क्युलस करावंच लागेल. म्हणून ‘किती क्रेडिट मिळतील’ एवढ्यावर थांबू नका, ‘कोणत्या कोर्सच्या जागी धरणार’ हे विचारा.

कोर्स निवडतानाही हेच. टेक्सासच्या कम्युनिटी कॉलेजांत (पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या स्थानिक सरकारी कॉलेजांत) कोर्सचे क्रमांक सामाईक आहेत: मॅथ १३२४ म्हणजे बिझनेससाठीचं गणित, १३२५ बिझनेस कॅल्क्युलस आणि २४१३ सायन्स-इंजिनिअरिंगवाल्यांचं कॅल्क्युलस वन. क्रमांकातला दुसरा आकडा क्रेडिट सांगतो, म्हणजे १३२५ तीनचा, २४१३ चारचा. २४१३ केलेल्याला बिझनेसची अट बहुतेक ठिकाणी सुटते, उलट मात्र होत नाही. १३२५ हा २४१३ चा पर्याय नाही. पुढे इकॉनॉमिक्स किंवा कॉम्प्युटरकडे वळायचा थोडाही विचार असेल, तर मी कॅल्क्युलस वनच घ्यायला सांगेन. अवघड आहे, पण दोनदा करावं लागत नाही.

भारतात असतानाच क्रेडिट मिळवायचा चांगला मार्ग म्हणजे एपी कॅल्क्युलस, कॉलेज बोर्ड या अमेरिकी संस्थेची शाळकरी मुलांसाठीची कॉलेज पातळीची परीक्षा. परीक्षा मे महिन्यात, गुण १ ते ५, निकाल जुलैत. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया ३ किंवा अधिक गुणांना क्रेडिट देते: एबी या लहान अभ्यासक्रमाच्या परीक्षेला ४ क्वार्टर युनिट (तिमाही सत्राची क्रेडिट), बीसी या मोठ्याला ८. तरी त्यातून बिझनेसची अट सुटते का, हे प्रत्येक कॅम्पस आपापलं ठरवतो. अर्जात गुण लिहिलेत म्हणजे काम झालं असं समजू नका. क्रेडिटसाठी अधिकृत अहवाल कॉलेज बोर्डाकडून थेट विद्यापीठात जावा लागतो.

एक-दोन वर्षं बीकॉम करून जाणाऱ्यांचं काम जास्त किचकट. मार्कशीटची झेरॉक्स पुरत नाही. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या विषयांच्या गुणांचा एकत्रित उतारा) लागतं, आणि अनेक ठिकाणी परदेशी शिक्षणाची अमेरिकी शिक्षणाशी तुलना करून देणाऱ्या डब्ल्यूईएससारख्या संस्थेचं विषयवार मूल्यमापनही. काही विद्यापीठं मूल्यमापन स्वतःच करतात, तेव्हा फी भरण्याआधी विचारून घ्या. सर्वांत दुर्लक्षित कागद म्हणजे अभ्यासक्रम: तुम्ही शिकलात त्याच वर्षाचा, घटक, तास आणि संदर्भपुस्तकांसह, कॉलेजच्या शिक्क्यानिशी. ‘मॅथ्स अँड स्टॅट्स’ या नुसत्या नावावरून तिकडच्या माणसाला काही कळत नाही आणि विषय इलेक्टिव्हमध्ये जातो. तसं झालं तर हाच अभ्यासक्रम जोडून गणित विभागाकडे फेरविचाराचा अर्ज करता येतो. बहुधा किमान सी ग्रेड लागते. क्रेडिट येतं, पण जुनी ग्रेड नव्या जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) सहसा धरत नाहीत.

बाकीच्यांना प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कोणत्या गणितापासून सुरुवात करायची ते ठरवणारी चाचणी. अनेक ठिकाणी ती अ‍ॅलेक्स या ऑनलाइन प्रणालीची असते: जास्तीत जास्त ३० प्रश्न, १०० पैकी गुण. कोणाचीही मदत न घेता, उजळणी करूनच द्या. गुण कमी पडले तर कॉलेज अल्जिब्रापासून सुरुवात होते, आणि कॅल्क्युलसमागून येणारे स्टॅटिस्टिक्स, फायनान्सही एकेक सेमिस्टर पुढे ढकलले जातात. गुण कमी आल्यास पुन्हा अभ्यास करून बहुतेक ठिकाणी दुसरी संधी मिळते, म्हणून टेस्ट ओरिएंटेशनच्या (नव्या विद्यार्थ्यांच्या परिचय सत्राच्या) बरीच आधी देऊन टाका.

एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर आणखी एक सांभाळा. पदवीला दर सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट घ्यावीच लागतात. जुन्या अभ्यासाचं क्रेडिट उशिरा जमा झाल्यामुळे सुरू असलेला गणिताचा कोर्स सोडायचा झाला, तर आधी त्याच्या जागी दुसरा घ्या, मगच तो सोडा. आणि उन्हाळ्यात स्वस्तात कम्युनिटी कॉलेजमधून गणित करणार असाल, तर फी भरण्यापूर्वी आपल्या विद्यापीठातल्या अ‍ॅडव्हायजरकडून कोर्सच्या क्रमांकासह मंजुरी ईमेलवर घेऊन ठेवा.