बविंडीत गोरिला बघायला जायचंय? परमिट आणि कागदपत्रांचं असं असतं

युगांडातल्या बविंडी जंगलात गोरिला बघायला जायचं तर विमानाच्या तिकिटाआधी परमिट बघा. ते युगांडा वाइल्डलाइफ अथॉरिटी देते, कंपालात त्यांचं ऑफिस आहे, नाहीतर टूरवाल्याकडून काढून घ्या. परदेशी माणसाला जुलै 2024 पासून 800 डॉलर लागतात, तेही एका दिवसाचे, माणशी. वय 15 पूर्ण पाहिजे, लहान मुलं असतील तर आधीच ठरवा मागे कोण थांबणार. एका गोरिला कुटुंबाकडे दिवसाला 8च जणांना सोडतात आणि तासभरच, म्हणून जून ते ऑगस्टचं परमिट हवं असेल तर काही महिने आधीच मागे लागा.

आणि एक, परमिट तारखेचं आणि सेक्टरचं असतं. बुहोमा, रुहिजा, रुशागा, न्कुरिंगो हे चार सेक्टर डोंगराच्या वेगवेगळ्या बाजूंना आहेत, एकीकडचं परमिट आणि दुसरीकडे हॉटेल असं झालं तर पहाटेपासून गाडीतच बसाल, त्यामुळे सेक्टर पक्का झाल्यावरच रूम बुक करा.

कागद फार नाहीत. किमान 6 महिने मुदत उरलेला पासपोर्ट, फोटो, ऑनलाइन काढलेला ई-व्हिसा (सिंगल एंट्री 50 डॉलर) आणि यलो फीवरच्या लसीचं सर्टिफिकेट. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, सर्टिफिकेट 10 दिवसांनी लागू होतं. ते नसेल तर परत येताना आपल्या एअरपोर्टवरही अडवतात, 6 दिवसांपर्यंत क्वारंटाइन होऊ शकतं.

सर्दी-खोकला असेल तर गोरिलांजवळ सोडत नाहीत आणि ते अगदी बरोबर आहे, माणसाचे रोग त्यांना लागतात. 1996 मध्ये तिथल्या गोरिलांना खरूज झाली होती, ती आजूबाजूच्या वस्तीतूनच गेली असं मानतात. म्हणजे गावात दवाखाना नीट चालला तर गोरिलाही वाचतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तुमच्या परमिटमधले 10 डॉलर आणि पार्कच्या एंट्री फीचे 20 टक्के शेजारच्या गावांसाठी ठेवलेले असतात. पण 800 मधले 10 म्हणजे कमीच की हो! हत्ती, माकडं शेतात घुसतात ती या लोकांच्या, आणि 1991 मध्ये नॅशनल पार्क झालं तेव्हा बटवा नावाच्या इथल्या आदिवासी लोकांना तर पिढ्यानपिढ्याचं जंगलच सोडावं लागलं. म्हणून बॅग हलकी असली तरी पोर्टर घ्याच, सकाळी ट्रेक सुरू होतो तिथेच उभे असतात, गावातलेच असतात आणि पैसे थेट त्यांच्या हातात पडतात. चढ निसरडा असतो, हात धरायला कोणीतरी लागतंच.