खुलासा : अंगणवाडीच्या बाईंना 'कसलं ट्रेनिंग?'

खानापूर असो, निपाणी असो, एक वाक्य ठरलेलं : "खिचडी शिजवायची नि पोरं सांभाळायची, त्याला कसलं ट्रेनिंग?" हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण ते खरं नाही.

२ ऑक्टोबर १९७५ ला अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि सेविकांचं प्रशिक्षण हा त्या योजनेचाच भाग आहे. खर्च सरकारचा; सेविकेनं फी भरायची नसते. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारनं सेविकांच्या प्रशिक्षणासाठी 'पोषण भी पढाई भी' हा कार्यक्रम आणला : आधी मास्टर ट्रेनर तयार करायचे, मग त्यांनी सेविकांना तीन दिवस शिकवायचं. २०२४ मध्ये ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी 'आधारशिला' अभ्यासक्रम आला. त्यात खेळातून शिकण्यावर आणि घरच्या भाषेवर भर आहे. आपल्या मराठी-कन्नड सीमाभागात याचं मोल वेगळं सांगायला नको.

आमच्या गावातल्या अंगणवाडीत बाईंनी एका चार वर्षांच्या पोरीपुढे मूठभर चिंचोके ओतले. "मोठे हिकडं, बारके तिकडं." पोरीनं दोन ढीग केले, मराठीत सातपर्यंत मोजले, मग बाईंच्या मागोमाग कन्नडमध्ये ओंदु, एरडु, मूरु. बघणाऱ्याला वाटतं, खेळ चाललाय. त्यात वर्गीकरण आहे, मोजणी आहे, पुढे पेन्सिल धरणाऱ्या बोटांची तयारी आहे.

तीन दिवस पुरतात का? माझ्या मते नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात बारावी झालेल्या सेविकांसाठी ६ महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स आणि कमी शिकलेल्यांसाठी १ वर्षाचा डिप्लोमा सुचवलेला आहे. तक्रार करायचीच, तर तो कधी मिळणार हे विचारा.