जगबुडी टळली आणि तलवार उपसली गेली

१४२०च्या सुरुवातीला बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, काही धर्मोपदेशक गावोगाव एकच गोष्ट सांगत होते : १० ते १४ फेब्रुवारीदरम्यान देवाचा कोप होणार, सगळी पापी गावं भस्म होणार. वाचतील ती फक्त पाच शहरं. प्लझेन, झातेत्स, लोउनी, स्लानी आणि क्लातोवी. शेतकऱ्यांनी जमीनजुमला मिळेल त्या भावाने विकला आणि बायकापोरांसह या शहरांची वाट धरली.

या भाकितात कुणाला मारण्याचा आदेश नव्हता, हे नीट लक्षात घ्यायला हवं. संदेश होता पळून जाण्याचा. शिक्षा देव करणार, माणसाने फक्त वाटेतून बाजूला व्हायचं.

लोकांनी एवढा विश्वास का ठेवला? भोळेपणा म्हणून सोडून देणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांचा लाडका उपदेशक यान हुस याला ६ जुलै १४१५ रोजी कॉन्स्टन्सच्या धर्मसभेने जिवंत जाळलं होतं, तेही जर्मनीचा राजा सिगिस्मुंड याने सुरक्षिततेची हमी दिलेली असताना. १४१९च्या उन्हाळ्यात त्याचे हजारो अनुयायी डोंगरांवर जमू लागले, प्रभुभोजनातली भाकर आणि द्राक्षारसाचा चषक सर्वांना मिळू लागला, लोक एकमेकांना भाऊ-बहीण म्हणू लागले. अशा एका डोंगराला त्यांनी बायबलमधल्या पर्वताचं नाव दिलं : ताबोर. ऑगस्टमध्ये राजा वात्स्लाव वारला आणि गादीचा वारस ठरला तोच सिगिस्मुंड. कुत्ना होरा या चांदीच्या खाणींच्या शहरात पकडलेल्या हुसपंथीयांना खोल खाणींत फेकलं जात होतं. बखरकार बळींचा आकडा १६०० देतो. तो फुगवलेला असू शकेल, पण भीती खरी होती. जग संपत आलंय असं वाटायला त्यांना भविष्यवेत्त्याची गरजच नव्हती.

फेब्रुवारीचा तो आठवडा आला आणि गेला. काहीच झालं नाही.

या चळवळीचं खरं वळण इथे आहे. भाकीत खोटं ठरलं असं उपदेशकांनी मानलंच नाही. त्यांनी सांगितलं, ख्रिस्त आलेला आहे, पण गुप्तपणे, रात्री चोर येतो तसा. आता दयेचा काळ संपून सूडाचा काळ सुरू झाला आहे, आणि देवदूतांनी करायचं काम निवडलेल्या माणसांनी करायचं आहे. प्रत्येक श्रद्धावंताने ख्रिस्ताच्या शत्रूंच्या रक्तात हात धुवावेत, अशी शिकवण निघाली. तिला आधार स्तोत्रसंहितेतल्या एका ओळीचा. जे देवाकडे सोपवलं होतं, ते माणसाच्या हातात आलं. माझ्या मते हिंसेचं मूळ या हस्तांतरात आहे, नुसत्या जगबुडीच्या श्रद्धेत नाही.

अर्थात ही जहाल वाक्यं आपल्यापर्यंत बहुतांशी विरोधकांच्या लेखणीतून आली आहेत. प्राग विद्यापीठाच्या पंडितांनी १० डिसेंबर १४२० रोजी ताबोरींविरुद्ध, म्हणजे ताबोरच्या या जहाल हुसपंथीयांविरुद्ध, ७२ कलमांची यादीच मांडली होती. पण दक्षिण बोहेमियातला विचारवंत पेत्र खेल्चित्स्की पंडितांच्या गोटातला नव्हता. ख्रिस्ती माणसाला तलवार कायमच वर्ज्य, असं मानणाऱ्या या माणसानेही त्या सूडाच्या उपदेशावर कठोर टीका केली.

परिस्थितीही त्याच दिशेला ढकलत होती. १४२०च्या मार्चमध्ये पोप मार्टिन पाचवा याने हुसपंथीयांविरुद्ध धर्मयुद्ध पुकारलं. वाचणाऱ्या पाच शहरांतलं प्लझेन हातचं गेलं. हुसपंथीयांचा सेनानी यान झिश्का बायकामुलांसह तिथून निघाला आणि २५ मार्चला सुदोमेर्झजवळ गाड्यांच्या आडोशाने त्याने घोडेस्वारांचा हल्ला परतवला. ते ज्या नव्या वस्तीत पोहोचले, तिचं नावही ताबोर. तिथे सामायिक पिंपं ठेवली होती. आल्या माणसाने आपली पुंजी त्यांत टाकायची, माझं-तुझं नाही.

पिंपं रिकामी व्हायला वेळ लागला नाही. नव्या राज्यात खंड-सारा राहणार नाही असं ऐकलेल्या आसपासच्या कुळांकडून त्याच ताबोरने ऑक्टोबर १४२०मध्ये सारा वसूल केला. भाऊ म्हणवणाऱ्यांनी हे करावं, हे वाचताना मला आजही चटका बसतो. जे आपल्या जहाल मतांवरून मागे हटायला तयार नव्हते, त्यांना १४२१च्या सुरुवातीला ताबोरबाहेर काढलं गेलं आणि एप्रिलमध्ये त्यांतल्या अनेकांना झिश्काने जाळलं. त्यांचा बुद्धिमान उपदेशक मार्टिन हुस्का याला २१ ऑगस्टला रौदनित्से इथे पिंपात घालून जाळण्यात आलं. जाळणारे हुसपंथीच होते.