संयुक्त पंप आणि चौदा वर्षे टिकलेला इशारा

दमा आणि सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन धाप लागण्याचा आजार) या दोन्ही आजारांत सकाळ-संध्याकाळ घ्यायला सांगितला जाणारा संयुक्त पंप, म्हणजे सूज उतरवणारे स्टिरॉइड आणि श्वासनलिका दीर्घकाळ मोकळ्या ठेवणारे ब्रॉन्कोडायलेटर यांची जोडी, आता इतका रुळला आहे की या जोडीतील एका औषधावर जीव घेत असल्याचा संशय होता, हे अनेक रुग्णांना ठाऊकही नसते. संयुक्त पंपापुरता तो संशय 2017 च्या अखेरीस अधिकृतपणे दूर झाला. जुनी माहितीपत्रके आणि त्यांतून उचललेले मजकूर मात्र अजून फिरत असतात, आणि ते वाचून धास्तावलेला रुग्ण पंप बंद करतो. म्हणून हा इशारा कोठून आला आणि कशामुळे गेला, हे जरा तपशिलात पाहावे लागते.

दाबाने फवारा देणारा पंप 1956 मध्ये बाजारात आला, 1969 मध्ये धाप लागल्यावर लगेच आराम देणारे साल्ब्युटामॉल आणि 1972 मध्ये श्वासावाटे घ्यायचे पहिले स्टिरॉइड आले. या काळावर दोन सावल्या होत्या. साठच्या दशकात ब्रिटनसह काही देशांत आयसोप्रिनालिन या नलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाच्या जादा मात्रेच्या पंपांच्या वापराबरोबर दम्याचे मृत्यू वाढले, आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूझीलंडमध्ये त्याच प्रकारच्या फेनोटेरॉलच्या बाबतीत तसेच घडले. त्यामुळे 1990 मध्ये बारा तास परिणाम टिकणारे ब्रॉन्कोडायलेटर साल्मेटेरॉल ब्रिटनमध्ये आले, तेव्हा त्याचे स्वागत करणाऱ्यांच्या मनातही जुनी भीती होतीच.

तरीही हे औषध स्टिरॉइडला जोडण्याची कल्पना जोर धरू लागली, कारण तोवरचा उपाय तोकडा पडत होता. स्टिरॉइडच्या ठरलेल्या मात्रेने दमा आटोक्यात आला नाही, तर ती मात्रा दुप्पट करण्याची पद्धत होती. मात्रा वाढवण्यापेक्षा दीर्घकाळ टिकणारे ब्रॉन्कोडायलेटर सोबत दिल्यास रुग्णाला अधिक बरे वाटते, हे 1994 मध्ये साल्मेटेरॉलच्या आणि 1997 मध्ये त्याच गटातील फॉर्मोटेरॉलच्या अभ्यासांतून दिसले. दुसरे कारण व्यवहारातले होते. स्टिरॉइडचा गुण लगेच जाणवत नाही, त्यामुळे दोन वेगळे पंप दिले की रुग्ण नेमका तोच सोडतो आणि आराम देणारा तेवढा चालू ठेवतो. दोन्ही औषधे एकाच पंपात घातली की ही निवड त्याच्या हातात राहत नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस युरोपात आणि 2000 मध्ये अमेरिकेत असा पंप उपलब्ध झाला.

संशयाची पहिली आकडेवारी याआधीच, 1993 मध्ये, ब्रिटनमधून आली होती. सुमारे पंचवीस हजार रुग्णांच्या सोळा आठवड्यांच्या पाहणीत साल्मेटेरॉल घेणाऱ्या 16,787 जणांपैकी 12 आणि साल्ब्युटामॉल घेणाऱ्या 8,393 जणांपैकी 2 रुग्ण दम्याने दगावले. हा फरक योगायोगाचाही असू शकत होता, पण नजरेआड करण्यासारखा नव्हता. त्याची शहानिशा करण्यासाठी 1996 मध्ये अमेरिकेत मोठी चाचणी सुरू झाली आणि 26,355 रुग्णांपर्यंत पोहोचल्यावर 2003 मध्ये ती मध्येच थांबवण्यात आली. दम्याचे मृत्यू साल्मेटेरॉलच्या गटात 13, तर निष्क्रिय फवारा मिळालेल्या गटात 3 होते. याच आधारावर तेथील औषध नियामक यंत्रणेने साल्मेटेरॉल असलेल्या प्रत्येक उत्पादनाच्या वेष्टनपत्रकावर काळ्या चौकटीतील इशारा छापायला लावला. हा इशाऱ्याचा सर्वांत कडक प्रकार होय.

वादाचे मूळ ‘प्रत्येक उत्पादनाच्या’ या शब्दांत आहे. चाचणीत तपासले गेले होते ते एकटे साल्मेटेरॉल; संयुक्त पंप नव्हे. सुरुवातीला स्टिरॉइडचा पंप वापरत असलेले रुग्ण निम्म्याहूनही कमी होते, आणि जे वापरत होते ते तो पुढे नियमित घेतात की नाही, यावर चाचणीचे नियंत्रण नव्हते. सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण असे, की आत सूज धुमसत असताना केवळ नलिका मोकळ्या ठेवणारे औषध घेतले की रुग्णाला बरे वाटत राहते, तो निर्धास्त होतो आणि मोठा अटॅक येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. हे खरे असेल, तर स्टिरॉइड सक्तीने सोबत देणारा संयुक्त पंप हा त्या धोक्यावरचा उतारा ठरतो; प्रत्यक्षात इशारा त्याच्याही कपाळी आला. नियामकांची बाजू अगदीच लंगडी होती असे नाही. स्टिरॉइडमुळे धोका नाहीसा होतो, हे तोवर कोणी पुरेशा मोठ्या चाचणीत दाखवले नव्हते, आणि मृत्यूसारख्या विरळ घटनेबाबत तर्कावर विसंबणे जोखमीचेच असते. मात्र 2010 मध्ये आलेली पुढची सूचना समर्थनास कठीण होती. दमा आटोक्यात आला की शक्य तेव्हा ब्रॉन्कोडायलेटर काढून घ्यावे आणि स्टिरॉइडवर रुग्ण सांभाळावा, असे ती सांगत होती. ज्या जोडीने आजार आवरला तीच मोडा, असा याचा अर्थ होत होता, आणि तसे केल्यास नियंत्रण ढळते हे नंतरच्या एकत्रित विश्लेषणात दिसूनही आले.

नियामकांनी 2011 मध्ये उत्पादकांना नव्या चाचण्यांचा आदेश दिला. किशोरवयीन आणि प्रौढ अशा 36,010 रुग्णांच्या निकालांत दम्याच्या गंभीर घटना संयुक्त पंपाच्या गटात 119 आणि केवळ स्टिरॉइडच्या गटात 108 जणांना अनुभवाव्या लागल्या, म्हणजे फरक नगण्य होता. उलट आजार उफाळण्याचे प्रमाण 11.7 टक्क्यांवरून 9.8 टक्क्यांवर आले. चार ते अकरा वर्षांच्या 6,208 मुलांच्या वेगळ्या चाचणीतही धोका वाढल्याचे आढळले नाही. डिसेंबर 2017 मध्ये संयुक्त पंपांवरील चौकट हटली. पूर्वी जीवघेणा अटॅक येऊन गेलेल्यांना या चाचण्यांतून वगळले होते, ही उणीव नोंदवायला हवी. दम्यात एकट्या ब्रॉन्कोडायलेटरवरचा इशारा कायम राहिला, आणि तो रास्तच आहे.

सीओपीडीत हे गणित उलटे होते. तेथे एकटे ब्रॉन्कोडायलेटर चालते आणि प्रश्न स्टिरॉइडचा असतो. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या चाचणीत संयुक्त पंप घेणाऱ्यांपैकी 12.6 टक्के, तर निष्क्रिय फवारा घेणाऱ्यांपैकी 15.2 टक्के रुग्ण दगावले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर अगदी थोडक्यात अपुरा पडला. त्याच वेळी न्यूमोनियाचे प्रमाण 12.3 ऐवजी 19.6 टक्के आढळले. त्यामुळे आता रक्तातील इओसिनोफिल पेशींचे (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) प्रमाण पाहून आणि आजार किती वेळा उफाळतो हे विचारून मगच स्टिरॉइड जोडले जाते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात आयुष्यभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या, कधी विडीला हात न लावलेल्या स्त्रियांनाही सीओपीडी होतो. त्यांना दमा म्हणूनच वर्षानुवर्षे उपचार मिळत असतील, तर हा भेद कागदावरच राहतो.

अलीकडचा बदल फॉर्मोटेरॉलशी निगडित आहे. ते काही मिनिटांतच काम करू लागते, म्हणून बुडेसोनाइड हे स्टिरॉइड आणि फॉर्मोटेरॉल यांचा एकच पंप रोजच्यासाठी आणि धाप लागल्यावरही वापरता येतो. 2005 पासून या पद्धतीच्या बाजूने पुरावे जमत गेले. 2019 मध्ये दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी केवळ साल्ब्युटामॉलवर रुग्ण ठेवण्याची शिफारसच मागे घेतली. साल्मेटेरॉलचा पंप तसा गरजेनुसार वापरता येत नाही, आणि आपल्याकडे गोंधळ होतो तो येथे. दोन्ही जोड्या पावडरच्या कॅप्सूलमध्ये मिळतात. कॅप्सूल यंत्राच्या चौकोनी भोकात बसवून खालचा भाग फिरवायचा, ती फुटली की जोराने श्वास ओढायचा, नंतर चूळ भरून थुंकायची, ही कृती दोन्हींची सारखीच असते. दाखवून न दिल्यास काही रुग्ण ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळतात. चिठ्ठीवर नुसते ‘त्रास झाल्यास आणखी एक’ असे लिहून भागत नाही. औषध कोणते, याचीही खातरजमा करून घ्यावी लागते.