चूक क्रमांक १५ आणि बेळगावचे ख्रिस्ती

२०२१ च्या डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटकचं हिवाळी अधिवेशन भरलं होतं. आपल्याकडे त्या इमारतीचं नाव निघतं ते सीमाप्रश्नाच्या बोलण्यात. मराठी मेळावा, त्याला नाकारलेली परवानगी, पोलीस बंदोबस्त हे दरवर्षीचंच. त्या वर्षी मात्र शहरात आणखी एक चर्चा होती. २३ डिसेंबरला विधानसभेनं धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केलं. विरोध करणाऱ्या ख्रिस्ती नेत्यांत आघाडीवर होते बंगळुरूचे आर्चबिशप पीटर मचाडो. तिकडे जाण्याआधी, २००६ ते २०१८, ते बेळगावचेच बिशप होते, त्यामुळे बेळगावच्या कॅम्प भागातल्या लोकांना ते घरचेच. चर्चचा सगळा भर राज्यघटनेच्या २५ व्या कलमावर होता. प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे, आपल्या विचारानं धर्म निवडायचा हक्क आहे, असं ते म्हणत होते.

आता मागे, १८६४ सालात जाऊ. नवव्या पायस पोपनी त्या डिसेंबरात आधुनिक जगाच्या ८० चुकांची यादी काढली. तीतली १५ वी चूक साधारण अशी: बुद्धीच्या उजेडात जो धर्म खरा वाटेल तो स्वीकारायला आणि पाळायला प्रत्येक माणूस मोकळा आहे. हे मत रोमनं चूक ठरवलं होतं. त्याआधी १८३२ साली सोळाव्या ग्रेगरी पोपनी सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याला वेडगळपणा म्हटलं होतं. म्हणजे १८६४ च्या यादीतली चूक २०२१ मध्ये चर्चची ढाल झाली. मधल्या दीडशे वर्षांत काय घडलं, हे पाहिल्याशिवाय आजचं चर्च कळत नाही.

आमच्याकडे रविवारच्या प्रवचनात ‘मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) जगाचं वारं शिरलंय’ ही तक्रार ठरलेली असते. कान देऊन ऐकलं तर गृहीत असं दिसतं की आधी शुद्ध विश्वास होता आणि मग पश्चिमेकडून इहवाद, बुद्धिवाद येऊन त्यानं तो भेसळला. बेळगावपुरतं बोलायचं तर हे वारं नंतर आलेलं नाही, बायबलबरोबर एकाच गाडीतून उतरलेलं आहे. लंडन मिशन या प्रोटेस्टंट संस्थेचे जोसेफ टेलर १८२० मध्ये बेळगावात आले, तेव्हा पेशवाई जाऊन दोनच वर्षं झाली होती. त्या काळच्या मिशनऱ्यांचा ख्रिस्ती धर्म मुळात ‘प्रमाणांचा’ होता. घड्याळ आहे म्हणजे घड्याळजी आहे, तसं जग आहे म्हणजे निर्माता आहे, ही इंग्रज पाद्री विल्यम पेलीची मांडणी तेव्हा घरोघरची. विश्वास ठेवा एवढंच ते सांगत नसत. तपासा, तोलून पाहा, पुरावा बघा, असंही सांगत. अठराव्या शतकातल्या युरोपीय प्रबोधनानं चर्चला जे आव्हान दिलं होतं, त्याला त्याच्याच हत्यारानं उत्तर देण्याची ही सवय. एकदा पोराला तपासायला शिकवलं की तो तुमचंही तपासणार, हे बहुधा त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

बाबा पदमनजी हे याचं सगळ्यात जवळचं उदाहरण. जन्म १८३१, बेळगाव, घर कासाराचं. इथल्या मिशन शाळेत इंग्रजी शिकून ते मुंबईला गेले आणि तिथं परमहंस सभेत शिरले. १८४९ च्या सुमारास निघालेली ही गुप्त मंडळी जातिभेद मानत नसे, एकच ईश्वर मानी आणि कुठलाही ग्रंथ ईश्वरानं सांगितलेला आहे हे नाकारी. सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसानं केलेला पाव खावा लागे. जात मोडायला पाव चालला, पण त्याच माणसाचं बायबल चाललं नाही, यातच त्या सभेची भूमिका कळते. सभेतल्या दादोबा पांडुरंगांसारख्या माणसांमागे युरोपातल्या निसर्गधर्मवाद्यांचा विचार होता: ईश्वर मानायचा, चमत्कार आणि पुरोहित मानायचे नाहीत. टॉमस पेन या इंग्रज बुद्धिवादी लेखकाची पुस्तकं तेव्हा इथल्या शिकलेल्या तरुणांच्या हातात होती. जोतीराव फुल्यांनी ती मिशनऱ्यांच्या शाळेत शिकल्यानंतर वाचली आणि मिशनऱ्यांशी मैत्री ठेवूनही ते ख्रिस्ती झाले नाहीत. पदमनजी उलट्या वाटेनं गेले. बुद्धिवाद्यांच्या सभेतून निघून १८५४ मध्ये बेळगावात येऊन त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तीनच वर्षांनी ‘यमुनापर्यटन’ लिहून मराठी कादंबरीची सुरुवातही केली, आणि त्यात विधवांच्या दुःखाचा पुरावा वकिलासारखा एकेक करून मांडला. विषय धर्मसुधारणेचा, पद्धत मात्र शाळेत शिकलेली.

या बाप्तिस्म्याला आणखी एक बाजू आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. १८५० चा २१ वा कायदा. धर्म बदलला किंवा जातीबाहेर टाकलं म्हणून माणसाचा वारसाहक्क जाणार नाही, असं कंपनी सरकारनं त्यात ठरवलं. त्यामागची कल्पना धर्मशास्त्रातून आलेली नव्हती. माणसाचे नागरी हक्क त्याच्या श्रद्धेपासून सुटे असतात, या उदारमतवादी विचाराचं ते पोर. मिशनऱ्यांनी तो कायदा आनंदानं स्वीकारला. ऐहिक तत्त्वज्ञान चर्चच्या अंगावर आलं की ते ‘जगाचं वारं’, आणि चर्चच्या कामी आलं की तो ईश्वरी संकेत. ही दुटप्पी वही तेव्हापासून आजवर चालू आहे.

घाटाखालची कॅथलिक बाजू वेगळ्या वाटेनं याच ठिकाणी पोचली. पोर्तुगालचा मंत्री पोंबाल यानं १७५९ मध्ये जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाला पोर्तुगीज राज्यातून हाकललं. १८३४ मध्ये लिस्बनच्या उदारमतवादी सरकारनं धर्मसंघच बंद केले आणि पुढच्याच वर्षी गोव्यातले मठ रिकामे झाले. जुन्या गोव्यातली पडकी मठमंदिरं ही काही फक्त साथीच्या रोगांची खूण नाही, प्रबोधनाचीही आहे. जर्मनीत बिस्मार्कनं १८७२ मध्ये जेझुइटांवर बंदी घातली, तेव्हा मुंबईकडचं मिशन जर्मन जेझुइटांच्याच हाती होतं, आणि घरी दारं बंद झालेल्यांना इकडे काम मिळालं. बेळगावचं जेझुइटांचं सेंट पॉल्स हायस्कूल १८५६ पासूनचं. त्यात कित्येक मराठी, कन्नड, कोकणी घरांतली पोरं शिकली, बहुतेक ख्रिस्ती नसलेली. युरोपातल्या इहवादी सरकारांनी चर्चला धक्के दिले नसते तर इकडच्या शाळांना एवढी माणसं मिळाली असती का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

रोमचं उत्तर काय होतं? १८७९ मध्ये तेराव्या लिओ पोपनी सांगितलं की जर्मन तत्त्वज्ञ कांट आणि मंडळींना उत्तर तेराव्या शतकातल्या कॅथलिक तत्त्वज्ञ टॉमस अक्वायनसकडून घ्या. पाद्री घडवणाऱ्या सगळ्या शाळांत, म्हणजे सेमिनरींत, तेच तत्त्वज्ञान शिकवायचं ठरलं. याच लिओ पोपनी १८९३ मध्ये श्रीलंकेत कँडीला भारतीय पाद्र्यांसाठी सेमिनरी काढली, ती १९५५ मध्ये पुण्याला आली. १९०७ मध्ये दहाव्या पायसनी ‘आधुनिकतावाद’ हे सर्व पाखंडांचं संकलन ठरवलं आणि १९१० पासून प्रत्येक पाद्र्याला त्याविरुद्ध शपथ घ्यावी लागे. ती शपथ १९६७ पर्यंत टिकली. म्हणजे १९५३ साली बेळगाव स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तेव्हा इथला प्रत्येक फादर हीच शपथ घेऊन वेदीवर उभा राहत होता. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, लॅटिनमध्ये. भाविकाला शब्द कळले नाहीत तरी चालत, आधुनिकता कळलेली चालत नसे.

प्रोटेस्टंटांकडे शपथ नव्हती, त्यामुळे फाटाफूट उघड झाली. जर्मनीत १८३५ मध्ये डेव्हिड स्ट्राउसनं येशूच्या चरित्रातले चमत्कार पुराणकथेसारखे वाचले. १८५९ मध्ये डार्विन आला. बायबलची पुस्तकं कुणी, कधी, किती हातांनी लिहिली हे इतिहासाच्या पद्धतीनं शोधणं सुरू झालं. लंडन मिशननं बेळगावचं काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मेथॉडिस्टांकडे, म्हणजे दुसऱ्या एका प्रोटेस्टंट पंथाकडे, सोपवलं, आणि त्याच सुमारास, १९०४ मध्ये, मेथॉडिस्टांनी आपल्याच बोस्टनच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकावर, बोर्डन पार्कर बाउनवर, पाखंडाचा खटला चालवला. आरोप असा की त्याची शिकवण पंथाच्या मूळ सिद्धांतांविरुद्ध जाते. तो निर्दोष सुटला. मग १९१० ते १९१५ दरम्यान अमेरिकेतच ‘मूलतत्त्वां’च्या पुस्तिका निघाल्या आणि त्यावरून ‘फंडामेंटलिस्ट’ हा शब्द आला. हे दोन्ही अमेरिकन प्रवाह मिशनच्या पैशाबरोबर भारतात आले. म्हणून आजही सीमाभागात पाळक कुठल्या सेमिनरीतून शिकून आला यावर, बायबलमधल्या उत्पत्तीचे सहा दिवस खरे दिवस की कवितेतले, याचं उत्तर ठरतं. माझ्या माहितीतली निम्मी मंडळी पाळकाची बदली झाली की उत्तर बदलते आणि कुणाला काही वाटत नाही.

खरं वळण १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत आलं. त्यामागे दोन माणसं धरून ठेवावीत. पहिले जर्मन जेझुइट कार्ल रानर. कांटची पद्धत घेऊन त्यांनी अक्वायनस पुन्हा वाचला होता आणि फ्रायबुर्गमध्ये तत्त्वज्ञ हायडेगरच्या वर्गात बसले होते. ख्रिस्ताचं नाव न घेताही माणूस त्याच्या कृपेत असू शकतो, ही त्यांची मांडणी. परिषदेनं १९६४ मध्ये मान्य केलं की आपल्या दोषाशिवाय ख्रिस्ताला न ओळखणाऱ्या, सद्विवेकानं जगणाऱ्यालाही तारण मिळू शकतं. जिथं शेजारी लिंगायत, समोर मुसलमान, मागे मराठा आणि सगळ्यांच्या लग्नात जेवण एकाच पंगतीत, तिथं ही ओळ काय आहे हे सांगायला नको. दुसरे अमेरिकन जेझुइट जॉन कोर्टनी मरे. धर्मस्वातंत्र्य हा नागरी हक्क आहे हे लिहिल्याबद्दल पन्नाशीच्या दशकात त्यांना गप्प बसवलं गेलं होतं. ७ डिसेंबर १९६५ ला परिषदेनं धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा २३०८ विरुद्ध ७० मतांनी स्वीकारला. चूक क्रमांक १५ चूक उरली नाही. चर्चचा दावा असा की माणसाच्या प्रतिष्ठेची कल्पना मुळात आमचीच, माणूस ईश्वराच्या प्रतिमेत घडला यातून आलेली. लॉक आणि मिल या इंग्रज उदारमतवाद्यांनी ती उसनी नेली होती, आम्ही परत आणली. यात तथ्य नाही असं नाही. पण शंभर वर्षं उसनी वस्तू ओळखली का नाही, याचं उत्तर या दाव्यात नाही.

परिषदेनं लॅटिन सोडून लोकभाषेला परवानगी दिली, आणि इथं आणखी एक ऐहिक विचार वेदीपर्यंत पोचला: भाषिक राष्ट्रवाद. १९५६ च्या पुनर्रचनेनंतर बेळगावात मिस्सा कोकणीत, मराठीत की कन्नडमध्ये, हा निव्वळ उपासनेचा प्रश्न राहूच शकत नव्हता. बंगळुरूत उपासनेत कन्नड हवी म्हणणाऱ्या पाद्र्यांचा वाद पुढं रस्त्यावर आला, तसं इथं झालं नाही. इथं वेळा वाटून भागवलं. बेळगाव जिल्ह्यातल्या देशनूरला जेझुइटांनी लिंगायतांच्या धर्तीवर विरक्त मठ काढला, भगवी वस्त्रं घातली, शाकाहार धरला. ते पाहून मराठी माणसाला आपलं वाटतं की परकं, हे विचारणाऱ्यावर अवलंबून.

मार्क्सच्या विचाराचा चर्चमधला प्रवास त्याहून अवघड. १९७१ मध्ये पेरूच्या गुस्तावो गुतिएरेझ यांनी मुक्तीचं धर्मशास्त्र, म्हणजे गरिबांच्या सुटकेच्या बाजूनं धर्म वाचणं, मांडलं. १९८४ मध्ये रोमनं त्यातल्या मार्क्सवादी विश्लेषणाबद्दल इशारा दिला. भारतात हाच प्रश्न जातीच्या भाषेत विचारला गेला. १९८१ मध्ये अरविंद निर्मळ या मराठी धर्मपंडितांनी बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शूद्रांचं धर्मशास्त्र मांडलं आणि पुढं ते दलित धर्मशास्त्र झालं. त्यात गुतिएरेझइतकेच आंबेडकर होते. निपाणीत १९२५ मध्ये बाबासाहेबांची परिषद झाली होती. त्या गावाच्या आसपासच्या मंडळ्यांना निर्मळांचा युक्तिवाद पुस्तकातून समजावून घ्यावा लागला नसेल.

स्त्रीपुरुष समतेचा विचार चर्चमध्ये येताना कायद्याच्या दारातून आला. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला व्यभिचार एवढंच कारण पुरे, बायकोला मात्र त्यासोबत क्रौर्य किंवा तसं काही सिद्ध करावं लागे. हा फरक २००१ मध्ये गेला, म्हणजे १३२ वर्षांनी.

आणि विधेयकाचं काय? विधान परिषदेत अडलं म्हणून ते मे २०२२ मध्ये अध्यादेशानं लागू झालं, सप्टेंबरात दोन्ही सभागृहांत पार पडलं. जून २०२३ मध्ये नव्या सरकारच्या मंत्रिमंडळानं ते रद्द करायचं ठरवलं. त्यातल्या एका तरतुदीप्रमाणे धर्म बदलू इच्छिणाऱ्यानं तीस दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं, असं ठरवलं होतं. बाबा पदमनजींना १८५४ मध्ये बेळगावच्या कलेक्टरकडे असा अर्ज द्यावा लागला नव्हता.